टर्बो थंड होईपर्यंत

गाडीतून शिट्टी ऐकू येतेय, हे आधी इर्मट्राउडच्या लक्षात आलं. इर्मट्राउड माझी बायको. ती चर्चच्या गायकवृंदात गाते, त्यामुळे नुसती शिट्टी ऐकू येते एवढ्यावर ती थांबली नाही. शिट्टी किंचित बेसूर आहे, असंही म्हणाली.

"टर्बोच्या गाडीत शिट्टी असायचीच," मी म्हणालो. ज्या थाटात म्हणालो, तो थाट पुढे फार दिवस टिकला नाही.

मी फोल्कमार रिक्सिंगर, जर्मनीतल्या आमच्या श्वाबिया प्रांतातल्या एका छोट्या गावच्या नगरपालिकेत दफनभूमी विभागाचा उपअधीक्षक. असल्या खात्यातल्या माणसाने वेगवान गाडी घ्यावी का, या विषयावर गावात प्रत्येकाचं मत होतं आणि प्रत्येकाने ते मला ऐकवलं. आमच्या जमाखर्च विभागातला एक जण तर रोज सकाळी जिन्यात गाठायचा. "काय रिक्सिंगर, घाई कसली एवढी? तुमच्याकडची माणसं थांबतात की." हा विनोद पहिल्या दिवशी बरा होता.

गाडी लाल होती आणि एका दंतवैद्याने वापरलेली होती. किल्ली देताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, वियोगाचं. त्याच्या बायकोने मात्र लगबगीने फाटक लावून घेतलं, याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

आता त्या इंजिनाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. इंजिन इतकं लहान होतं, की पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरचे बीलमायर वाकून म्हणाले, "यात इंजिन कुठलं?" पण या लहानशा इंजिनात हवा कोंबायला दोन-दोन यंत्रं होती. गाडी हळू असताना पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर हवा कोंबायचा. वेग आला की इंजिनाच्याच धुरावर फिरणारा टर्बो ते काम हाती घ्यायचा. म्हणजे एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. बिचाऱ्या इंजिनाला कोणी कधी विचारलं नाही, की बाबा, तुला भूक आहे का. कंपनीचं म्हणणं असं, की यामुळे लहान इंजिनाला मोठ्या इंजिनाची ताकद येते. कंपनीचं नाव मी घेत नाही. तिचे वकील तिच्या इंजिनांपेक्षा फार भरवशाचे आहेत.

बीलमायर गिअरबॉक्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गाडीच्या बाबतीत ते सल्ला देत नाहीत, निकाल देतात. शिट्टीची वार्ता लागताच ते हात मागे बांधून अंगणात उतरले, कान टवकारून गाडीभोवती फिरले आणि म्हणाले, "हवा गळतेय. नळी चिरली असणार. नळी बदला, बास."

"एवढंच?"

"एवढंच. हातभर रबराची नळी. आमच्या गाडीत ही भानगडच नाही म्हणा. आमच्यात हवा आपल्या आपण आत जाते. बोलवायला माणूस ठेवावा लागत नाही."

मी निघालो, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. "आणि हे बघा, पळवून आणलीत की लगेच किल्ली फिरवत जाऊ नका. टर्बो आत लालबुंद झालेला असतो. इंजिन बंद केलंत की तेलाचा पुरवठा थांबतो, आणि आतलं तेल तिथल्या तिथे करपतं. दारात उभी करा, थोडा वेळ चालू ठेवा, थंड होऊ द्या, मग बंद करा. टर्बो म्हणजे नाटकातला नट आहे. रंगमंचावरून उतरला की लगेच घरी जात नाही."

मला हे पटलं. संध्याकाळी कचेरीतून आलो, गाडी दारात उभी केली आणि इंजिन चालू ठेवून आत शांत बसून राहिलो. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. दिवस सगळा थडग्यांच्या जागांच्या भाडेपट्ट्यांवर भांडण्यात गेलेला असतो. असं आपल्याच गाडीत, आपल्याच इंजिनाची घरघर ऐकत बसायला मिळणं हे सुखच.

काचेवर टकटक झाली. तळमजल्यावरच्या श्लोटरबेकबाई. हातात झाडू. आमच्या इमारतीत जिना झाडण्याची पाळी कोणाची आहे हे फळीवर लिहिलेलं असतं, पण पाळी कोणाचीही असो, झाडू बाईंच्याच हातात दिसतो. झाडायला नव्हे, दाखवायला.

"रिक्सिंगर, कोणाची वाट बघताय?"

"नाही. टर्बो थंड होतोय."

"कोण?"

मी समजावून सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वस्तीत विनाकारण इंजिन चालू ठेवायला कायद्याने बंदी आहे."

"विनाकारण नाहीये, बाई. कारण आहे."

"ते तुमच्या गाडीचं कारण आहे. कायद्याचं नाही. माझा पडदा हलतोय तुमच्या धुराने."

बीलमायर वरच्या खिडकीतून ओरडले, "बंद करू नका हं, रिक्सिंगर, करपेल." श्लोटरबेकबाई खालून म्हणाल्या, "बंद करा." मी मध्ये, किल्लीवर हात ठेवून. आयुष्यात इतकी वर्षं मी अर्जदार आणि कायदा यांच्या मधोमध बसलो. पण तेव्हा माझ्या बाजूला निदान टेबल तरी असायचं.

यावर मी एक तोडगा काढला. दारात उभं राहून इंजिन चालू ठेवायचं नसेल, तर हळूहळू चालवत ठेवू. म्हणून रोज घरी आल्यावर मी अगदी सावकाश वस्तीला फेऱ्या मारू लागलो. बेकरीवरून वळायचं, शाळेमागून यायचं, पुन्हा बेकरी. लोक आधी हात करायचे. मग हात करायचे बंद झाले. मग पडद्यांच्या फटीतून बघू लागले. शेवटी एक दिवस गावातल्या हवालदाराने हात दाखवून थांबवलं. हा इसम मला नावानिशी ओळखतो. त्याच्या सासऱ्यांची जागा मीच काढून दिली होती, चांगली, झाडाखालची.

"रिक्सिंगर, काही हरवलंय का?"

"नाही. थंड करतोय."

"तक्रार आलीय. वस्तीत निरर्थक इकडून तिकडे गाडी फिरवणं, त्याचा लोकांना त्रास होत असेल तर, मना आहे. कलमात तसं स्पष्ट आहे."

"मग उभी करून चालू ठेवू?"

तो विचारात पडला. "नाही, तेही मना आहे. त्याच कलमात."

म्हणजे उभं राहायचं नाही, फिरायचं नाही आणि बंद करायचं नाही. मी नगरपालिकेचा माणूस. कायदा इतका पूर्णत्वाला गेलेला मी आजवर पाहिला नव्हता आणि मनातल्या मनात मला त्याचं कौतुकही वाटलं. त्या दिवसापासून मी गाडी गावाबाहेर सफरचंदांच्या बागांपाशी, शेताच्या रस्त्यावर नेऊन थंड करू लागलो, तिथेच उभी करून पायी घरी यायचो. जी गाडी मी लवकर पोचायला घेतली, तिच्यामुळे मला घरी पोचायला सायकलवाल्यापेक्षा जास्त वेळ लागू लागला. इर्मट्राउड एकदा म्हणाली, "दंतवैद्याला विचार ना, तो गाडी कुठे थंड करायचा." मी विचारायला फोन केला. त्याच्या बायकोने ओळख पटताच फोन ठेवला.

नळी अजून बदलायची होतीच.

गाडी नेली वेगर्लेच्या गॅरेजमध्ये. वेगर्ले हा माणूस चुकून मेकॅनिक झाला. त्याला खरं तर असाध्य रोगांचा डॉक्टर व्हायचं होतं. झाकण उघडलं की तो आधी सुस्कारा सोडतो, मग रुग्णाच्या नातेवाइकाकडे बघतो, आणि मग हलक्या आवाजात विचारतो, "कधीपासून आहे हे?"

मी सांगितलं. त्याने मान हलवली. "मूळची नळी पुन्हा चिरणार. माझ्याकडे एक मजबूत नळी आहे. शर्यतीच्या गाड्यांत घालतात तसली. ती तुमच्यानंतरही राहील." आमच्या खात्यात असलं वाक्य ऐकलं की बरं वाटत नाही, पण मी हो म्हणालो. नळी बसली. निळी, चकचकीत. शिट्टी थांबली. मी त्या संध्याकाळी घरी वाइन उघडली.

मग गाडीच्या ठरलेल्या तपासणीची तारीख आली. केंद्रातला तपासनीस तरुण होता आणि त्याच्या अंगातल्या कोटाला एकही सुरकुती नव्हती. त्याने टॉर्च इंजिनावर मारला आणि तिथेच धरून ठेवला.

"ही नळी निळी आहे."

"हो."

"या गाडीत काळी असते."

"रंगाने काही बिघडतं का?"

"रंगाने काही बिघडत नाही. पण निळी म्हणजे बाहेरची. बाहेरची म्हणजे तिची परवानगी हवी. आहे?"

"नळीची परवानगी?"

"या नळीची, या गाडीत, या जागी."

नळी बनवणाऱ्यांनी कळवलं, की परवानगी आहे, पण सगळा संच घेतला तरच, आणि सगळा संच बसवला की गाडीची ताकद वाढते, आणि ताकद वाढली की ब्रेकची वेगळी परवानगी. मी म्हटलं, जाऊ दे, मूळची काळी नळी घालू. कंपनीने कळवलं, ती नळी सुटी मिळत नाही. हवा थंड करणाऱ्या कूलरसोबतच येते. हातभर नळीसाठी कूलर आला. कूलर बसेना म्हणून पुढचा बंपर काढला. बंपर काढताना त्याचा एक कान तुटला. वेगर्ले म्हणाला, "मूळ दुखणं वेगळंच असतं, रिक्सिंगर, आणि पेशंट जातो भलत्याच कारणाने."

एवढं करून तपासणीत गाडी पास झाली. तपासनीसाने काळी नळी पाहिली आणि समाधानाने टॉर्च विझवला. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. नळी गळत होती तेवढ्या काळात, निसटून जाणारी हवा भरून काढायला टर्बो जिवाच्या आकांताने फिरला होता, आणि त्या दगदगीत आतून खिळखिळा झाला होता. हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते अग्निशमन दलाच्या माजी प्रमुखांच्या अंत्यविधीला.

हे गृहस्थ गावात फार मानाचे. दफनभूमीत सगळं स्वयंसेवक दल गणवेशात दोन रांगा करून उभं होतं, हेल्मेटं चकाकत होती, पाद्रीबुवा बोलत होते. मागच्या फाटकाची किल्ली चुकून माझ्याकडे राहिली होती आणि शववाहिका तिथे खोळंबायला नको म्हणून मी गाडीने आलो. चढावर गाडीने एक हुंदका दिल्यासारखं केलं आणि मागून निळा धूर सोडला. धूर म्हणजे काय, ढग. वारा नेमका दफनभूमीकडे होता. तो ढग भिंतीवरून सावकाश आत उतरला, फुलांच्या चक्रांवर पसरला आणि पाद्रीबुवांच्या गुडघ्यांपर्यंत चढला. टर्बोचं सील गेलं होतं आणि इंजिन स्वतःचंच तेल जाळत होतं.

आता आयुष्यभर आगी विझवलेली माणसं धूर बघून काय करणार? पहिल्या रांगेतले दोघे आपोआप पाण्याच्या नळाकडे धावले. एकाने 'सगळे मागे व्हा' असा हुकूम सोडला. शोकाकुल मंडळी मागे झाली. मी धुरातून किल्ली हातात धरून बाहेर आलो तेव्हा माझ्यावर पाण्याची नळी रोखलेली होती, आणि रोखणाऱ्याने मला ओळखायच्या आतच नळ सुरू झाला.

विधवाबाईंनी मात्र मोठ्या मनाने घेतलं. ओल्या कोटातला माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "त्यांना आवडलं असतं." आमच्या अधीक्षकांना आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "रिक्सिंगर, यापुढे कामावर सायकल."

टर्बो नवा घातला. नवा म्हणजे दुसऱ्याच्या गाडीतला, दुरुस्त करून. तेल प्यायची खोड मात्र इंजिनाला लागली ती लागलीच. मी डिकीत तेलाचे डबे बाळगू लागलो. पेट्रोल पंपावर लोक टाकीच्या बाजूला उभे राहतात, मी इंजिनाच्या झाकणाच्या बाजूला. इर्मट्राउडला तेलाच्या वासाने डोकं दुखायचं. पण ती काही बोलत नव्हती, कारण त्या दिवसांत तिच्या मनात दुसरंच काही चाललं होतं.

तिच्या गायकवृंदाचा उल्म शहराजवळच्या एका ख्रिस्ती मठात मोठा कार्यक्रम होता. त्यात एका जागी बाकी सगळे थांबतात आणि एकच स्त्री-आवाज गातो. ही जागा नेहमी पोस्टमास्तरांच्या बायकोची. तिच्या घशाचं काही तरी निघालं, आणि संचालकांनी सगळ्या रांगांवरून नजर फिरवून तिसऱ्या रांगेतल्या इर्मट्राउडला पुढे बोलावलं. लग्नाआधीपासून ती त्या तिसऱ्या रांगेत उभी होती. घरी आल्यावर तिने ही गोष्ट बटाटे सोलता सोलता सांगितली, जणू पाळी आली म्हणून जिना झाडायचाय. मग न्हाणीघराचं दार लावून ती रोज गायची. मी पलीकडे बसून इंटरनेटवर, गाडीवाल्यांच्या मंचांवर लोकांच्या तक्रारी वाचायचो. तिथे माझ्यासारखे पुष्कळ होते. त्यांच्या सहवासात मला हलकं वाटायचं.

वृंदाने बस ठरवली होती. इर्मट्राउड बसनेच जाणार होती. मी म्हणालो, "बस कशाला? एवढा मानाचा दिवस, तू आपल्या गाडीने जा. मी नेतो."

तिने विचारलं, "फोल्कमार, गाडी पोचेल?"

"आता आहे काय बिघडायला? सगळं नवंच आहे."

"इंजिन?"

"इंजिन सोडून."

ती हो म्हणाली. का म्हणाली ते मला नीट माहीत आहे. नाही म्हणाली असती तर मी महिनाभर तोंड पाडून हिंडलो असतो.

बातमी इमारतीत पोचली. बीलमायर म्हणाले, "घाटात जोर लावू नका. आल्ब डोंगराचा चढ आहे तो. ट्रकांच्या मागे मुकाट्याने जा." वेगर्लेला विचारलं तर तो म्हणाला, "घाटात मोकळी सोडा. आत काजळी साठलीय, ती जळून जाईल. दाबून ठेवलेला माणूस आणि दाबून ठेवलेलं इंजिन, दोन्ही आतून सडतात." श्लोटरबेकबाई म्हणाल्या, "रविवारी सकाळी दारात सुरू करू नका, म्हणजे झालं."

रविवारी आम्ही शेताच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. इर्मट्राउडचा लांब काळा पोशाख मी आदल्या दिवशीच नीट घडी करून डिकीत ठेवला होता. तिथे तेलाचा एक डबा आडवा झाला होता. काळ्यावर डाग काही दिसला नाही. इर्मट्राउडने पोशाख नाकाशी नेला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला. "लांबून येणार नाही वास," ती म्हणाली. "ऑर्गनवाल्याला येईल फक्त." बागेत आडोशाला जाऊन तिने तो अंगावर चढवला आणि गाडीत बसली.

खरं सांगतो, सुरुवातीला गाडी इतकी सुरेख चालली, की मला दंतवैद्याची कीव आली. घाट लागला. समोर ट्रकांची रांग, धुरकट, आळसावलेली. बीलमायर आठवले, मग वेगर्ले आठवला. मी वेगर्लेचं ऐकलं. सुपरचार्जर किंचाळला, मग टर्बो उठला आणि पाठ खुर्चीला चिकटली. एका दमात आम्ही सगळे ट्रक मागे टाकले. इर्मट्राउडने दरवाजाची कडी घट्ट धरली होती, पण ती हसत होती. मी पाहिलं. ती खरंच हसत होती. मला वाटलं, यासाठीच तर सगळं केलं.

मग इंजिनातून डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. थोडा वेळ आला, थांबला. आणि त्यानंतर काहीच आलं नाही. वेग नाही, ताकद नाही. नुसता पांढरा-निळा धूर आणि गाडीचं निमूटपणे मंदावणं. जेमतेम आणीबाणीच्या थांब्यापर्यंत तिला नेलं. मागे टाकलेले सगळे ट्रक एकेक करून आमच्या बाजूने गेले. प्रत्येकाने भोंगा वाजवला नाही, पण बहुतेकांनी वाजवला.

आम्ही कठड्यामागे उभे राहिलो. नियमाप्रमाणे अंगात पिवळी जाकिटं. काळ्या घोळदार पोशाखावर पिवळं जाकीट घालून, हातात गाण्यांची चोपडी धरून माझी बायको हमरस्त्याच्या कडेला उभी होती आणि एकदाही मला काही बोलली नाही. तिने संचालकांना फोन केला. बस आमच्या मागेच कुठेतरी होती.

ती आली आणि थांब्यात शिरली. ड्रायव्हरने दार उघडून सांगितलं, "इथे उभं राहता येत नाही मला. पटकन चढा." खिडक्यांमधून सगळा वृंद बघत होता. तिसऱ्या रांगेतल्या बायकांनी हात हलवले.

इर्मट्राउडने जाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि पायरीवर एक पाय ठेवला. मागे वळली. "चल ना, फोल्कमार."

"गाडी?"

"राहू दे इथेच. उचलणारे येतील आणि उचलतील."

"अशी सोडून जाता येत नाही. टो गाडी येईपर्यंत मालकाने थांबायचं असतं. आणि किल्ली माझ्याकडे आहे."

"किल्ली चाकावर ठेव."

चाकावर किल्ली. अशा गाडीची. मी गाडीकडे बघितलं, आणि तेवढ्यात तिला उत्तर मिळालं. "बरं," ती म्हणाली आणि वर चढली. दार लागलं. बस सुटली तेव्हा खिडकीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. ती नव्हती बघत. तिने चोपडी उघडली होती.

टो गाडी यायला खूप वेळ लागला. बस जाऊन घाट पुन्हा शांत झाल्यावर मला कळलं, की मी थांबलो नसतो तरी काहीही झालं नसतं. ही गाडी कोणी चोरायची झाली, तर त्याला आधी ती ढकलावी लागली असती. मठातल्या घंटा तिथपर्यंत ऐकू येत नाहीत. तरीही एका क्षणी मला वाटलं, आता सुरू झालं असेल. मी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. झाकण अजून गरम होतं.

टो गाडीचा माणूस वर चढवता चढवता म्हणाला, "दोन्ही आहेत का हो हिच्यात? टर्बो नि सुपरचार्जर?"

"दोन्ही."

त्याने मला पुढच्या सीटवर बसायला मदत केली. अगदी म्हाताऱ्या माणसाला करावी तशी.

संध्याकाळी इर्मट्राउड घरी आली, पोशाख धुवायला टाकला आणि स्वयंपाकघरात येऊन उभ्या उभ्याच बटाट्याचं सॅलड खाऊ लागली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"झालं."

"लोकांना आवडलं?"

"माझं गाणं संपल्यावर थोडा वेळ कोणी टाळ्याच वाजवल्या नाहीत. मला वाटलं, चुकलं काहीतरी. मग वाजवल्या." ती सॅलडकडे बघत होती. "संचालक रडले. त्यांना सर्दी असेल."

"मला म्हणून दाखव ना."

"इथे?"

"हो."

तिने ताटली सिंकमध्ये ठेवली. "मागे एवढे सगळे उभे असतात, आणि मग ते थांबतात, तेव्हा ते गाणं सुरू होतं. इथे थांबायला कोण आहे? आणि इंजिनाचं काय म्हणेल वेगर्ले?"

वेगर्लेने दोन दिवसांनी मला आत बोलावून, दार लोटून सांगितलं. पिस्टनला भोक पडलं होतं. इतक्या हवेचा आणि उष्णतेचा मारा त्याला झेपला नव्हता. पिस्टनचा फुटलेला तुकडा त्याने मला कापडात गुंडाळून दिला आणि म्हणाला, "त्रास झाला नसेल त्याला. क्षणात गेला."

गाडी विकायची ठरवली. घेणार कोण हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर जिना उतरून आलं. बीलमायर. त्यांनी घसा साफ केला. "मी म्हणतो, दोष गाडीचा नाही. चालवणाऱ्याचा आहे. रागावू नका, रिक्सिंगर. समजून चालवली तर हिच्यासारखी गाडी नाही." आठवडे गेले, दुसरं इंजिन आलं, आणि एके दिवशी वरच्या मजल्याची मंडळी लाल गाडीतून फिरून आली. बीलमायर दारात इंजिन चालू ठेवून आत शांत बसले होते. श्लोटरबेकबाई झाडू घेऊन निघाल्या. मी खिडकी लावून घेतली. मला त्यात सुख वाटायला हवं होतं. पण गाडी किंचित शिट्टी वाजवत होती आणि नळी कुठे सैल असेल ते मला कळत होतं, एवढंच.

नाताळच्या आधी वृंदाचा आणखी एक कार्यक्रम होता, पलीकडच्या गावात. पोस्टमास्तरांच्या बायकोचा घसा बरा झाला होता. इर्मट्राउड पुन्हा तिसऱ्या रांगेत गेली. मी म्हणालो, मी येतो. ती म्हणाली, यायलाच हवं असं काही नाही. मी म्हणालो, येतो. आणि सरकारी बसने, दोनदा बस बदलून, वेळेच्या खूप आधी पोचलो. चर्च अजून उघडलंही नव्हतं. बर्फ पडत होतं. मी पायरीवर उभा राहिलो.

कार्यक्रम सुरू झाला. मी पहिल्या बाकावर बसलो होतो, टोपी मांडीवर. तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि तिचा आवाज बाकीच्यांतून वेगळा काढायचा प्रयत्न करत होतो. कधी वाटायचं, हा तिचा, तो जरा जाडसर, उबदार. मग तो शेजारच्या बाईचा निघायचा. डोळे मिटून ऐकलं. डोळे उघडून ऐकलं. शेवटच्या गाण्यात मला सापडला. अगदी स्पष्ट. मधल्या स्वरातला, जराशी काळोखी असलेला आवाज, सगळ्यांच्या खालून जाणारा. माझे डोळे भरून आले. शेजारच्या गृहस्थाने मला रुमाल दिला.

बाहेर आम्ही बसथांब्यावर उभे होतो. ती मफलर गळ्याभोवती गुंडाळत होती.

"फार छान गायलीस," मी म्हणालो.

"माझा आवाज कळला तुला? एवढ्या सगळ्यांतून?"

"कळला म्हणजे? शेवटच्या गाण्यात तर फक्त तुझाच ऐकू येत होता."

तिने मफलरची गाठ मारली. मग अगदी हलक्या, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कालपासून घसा बसलाय माझा. मी नुसतं तोंड हलवत होते."

बस यायला अजून अवकाश होता.